गुन्हा नायकाचा, पानं कुणाची?

ज्या नायकाच्या हातून घोर अपराध घडतो, त्याच्याविषयी लिहिताना आधी त्याची जखम दाखवावी, असं माझं वर्षानुवर्षं मत होतं. कुणी अपमान केला, कुणी टाकलं, कोवळ्या वयात काय हिरावलं गेलं, हे वाचकाला कळलं की तो त्या माणसाच्या बाजूला येऊन बसतो आणि मग पुढचं पाप त्याला पेलतं. माझी फँटसी कादंबरी मी याच भरवशावर रचत होते. आज ते मत माझं राहिलेलं नाही.

ते मला कर्णाकडून मिळालं होतं. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाली. शाळेच्या वयात ती माझ्या हाती आली आणि मी कर्णासाठी ओक्साबोक्शी रडले. जन्मतःच आईने पाण्यात सोडलेला, आयुष्यभर सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला! एवढं सोसलेल्या माणसाने महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीला अपशब्द वापरले, तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगितलं, हे मला त्याच्या दुःखाचंच टोक वाटायचं. दोष कर्णाच्या पदरात पडण्याआधीच मी तो कुंतीच्या, गुरूंच्या, समाजाच्या पदरात टाकलेला असायचा. कर्णावरचं ते प्रेम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या प्रेमातून मी लिहिण्याचा जो धडा घेतला, तो मला आता पटत नाही.

माझ्या कादंबरीचा नायक एका डोंगरी राज्यातला मांत्रिक आहे. विद्या मिळावी म्हणून तो आपल्या धाकट्या गुरुभगिनीचा आवाज गहाण टाकतो आणि ती कायमची मुकी होते. पहिल्या खर्ड्यात हे तिसऱ्या प्रकरणात घडत होतं. त्यानंतरची कितीतरी पानं त्याच्या बालपणाची होती: दुष्काळ, मारकुटा बाप, उपाशी झोपलेली भावंडं. ती मुलगी पुन्हा कुठेच येत नव्हती.

माझं मत बदलायला सुरुवात झाली ती स्टीफन डोनल्डसन यांच्या ‘लॉर्ड फाउल्स बेन’ (१९७७) या कादंबरीमुळे. तिचा नायक थॉमस कव्हेनंट कुष्ठरोगी आहे. रोगाने त्याची बोटं नेली, बायको मुलाला घेऊन निघून गेली, गावाने वाळीत टाकलं. डोनल्डसन यांचं बालपण भारतात गेलं. त्यांचे वडील इथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि अशा नायकाची कल्पना वडिलांच्या एका भाषणातून सुचल्याचं डोनल्डसन सांगतात. आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वाळीत पडणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे जखम इथे पुरेपूर आहे. हा माणूस एका अद्भुत भूमीत जाऊन पडतो, तिथे त्याच्या मेलेल्या नसांना संवेदना परत मिळते, आणि ज्या कोवळ्या मुलीने त्याला आसरा दिला, त्या लेनावर तो बलात्कार करतो.

पुष्कळ वाचक तिथेच पुस्तक मिटतात. मीही मिटलं होतं. नंतर पुन्हा उघडलं ते केवळ एका कुतूहलापोटी: एवढं झाल्यावर लेखक पुढे जातोच कसा?

पुढे लेनाची आई अटियारन कव्हेनंटची वाटाडी होते. त्याने काय केलंय हे तिला कळतं. लेनावर प्रेम करणारा ट्रिओक त्याला ठार करायला निघतो, तेव्हा तीच त्याला थांबवते. त्या भूमीच्या लोकांनी शांततेची शपथ घेतलेली आहे, आणि कव्हेनंटकडे असलेला निरोप तिथल्या अधिपतींपर्यंत पोहोचला नाही तर सगळ्यांचाच नाश होणार आहे. म्हणून मुलीच्या अपराध्याला सोबत घेऊन ही आई दिवसचे दिवस चालते. ती त्याला क्षमा करत नाही. पुढच्या पुस्तकात त्या भूमीची चाळीस वर्षं उलटलेली असतात, आणि आता तिथल्या सर्वोच्च पदावर असलेली एलेना ही त्याच बलात्कारातून जन्मलेली मुलगी असते. तिसऱ्या पुस्तकात लेना स्वतः भेटते, म्हातारी, भ्रमिष्ट, अजूनही त्याची वाट पाहणारी. कव्हेनंटचं दुःख आपल्याला ठाऊक असतं, पण ते या बायकांपैकी एकीच्याही आड येत नाही. मला कव्हेनंट आवडला नाही, पण त्या पुस्तकांवर माझा विश्वास बसला.

फँटसी लिहिणाऱ्याला इथे एक खास मोह असतो. घरगुती कादंबरीतल्या माणसाला दोष ठेवायला फार जागा नसते. आमच्याकडे शाप असतो, भाकीत असतं, मंतरलेलं शस्त्र असतं. मायकेल मूरकॉक यांचा एल्रिक १९६१ साली ‘द ड्रीमिंग सिटी’ या कथेत अवतरला. तो स्वतःच्याच नगरीवर लुटारू घेऊन जातो आणि जिच्यासाठी आला त्या सिमोरिलचा प्राण त्याच्याच तलवारीवर जातो. तलवार आत्मे पिणारी आहे. एल्रिकवर माझा जीव आहे, पण त्याची कथा वाचताना हात कुणाचा आणि पातं कुणाचं हा हिशेब मनात धूसर होत जातो. कव्हेनंटही हीच सोय शोधत असतो. ही भूमी म्हणजे माझं स्वप्न आहे, असं तो घोकत राहतो, कारण स्वप्नात केलेल्याचा जाब कोण विचारणार?

अर्सुला ले ग्विन यांनी ही पळवाट १९६८ सालीच बंद केली होती. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मधला तरुण गेड ईर्ष्येपोटी मृतात्म्याला आवाहन करतो आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. ती फट बुजवताना वृद्ध महामांत्रिक नेमर्ले प्राण गमावतो. छाया बाहेरून आलेलं भूत आहे असं आपण धरून चालतो. शेवटी समुद्रावर गेड तिला नावाने हाक मारतो आणि ते नाव त्याचं स्वतःचंच असतं. जादूने इथे दोष अंगावर घेतलेला नाही, उलट दोषाला चालतंबोलतं करून त्याच्यासमोर उभं केलंय. हे फँटसीच करू जाणे.

एवढं पचवल्यावर मी ‘मृत्युंजय’ पुन्हा काढलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहाजणांच्या मुखातून ती कादंबरी उलगडते. त्यांत द्रौपदी नाही. मूळ महाभारतात, उद्योगपर्वात, कर्ण श्रीकृष्णाजवळ पश्चात्ताप व्यक्त करतो, पण तो पांडवांना बोललेल्या कठोर शब्दांचा. तिथेही द्रौपदीचं नाव त्याच्या ओठांवर येत नाही. याउलट वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययातीइतक्याच हक्काने देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. त्याच्या दुबळेपणाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्याच तोंडून तो दुबळेपणा आपल्याला कळतो. खांडेकरांची अलंकारिक भाषा मला आता जड वाटते, तरी या बाबतीत त्यांनी केलेली रचना मला आदर्श वाटते.

नायकाला शिक्षा झालीच पाहिजे असं मी म्हणत नाही. वाचकाने त्याचा तिरस्कार करावा, असंही नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये (१९९६) जेमी लॅनिस्टर लहानग्या ब्रॅनला उंच खिडकीतून ढकलतो. तिसऱ्या पुस्तकात, ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मध्ये (२०००), जेमीची स्वतःची प्रकरणं सुरू होतात. वेड्या राजाला का मारलं हे तो ब्रिएनला सांगतो आणि आपला जीव त्याच्यात गुंतायला लागतो. पण ब्रॅनची प्रकरणं अगदी पहिल्या पुस्तकापासून चालू आहेत. जेमीविषयी मन हळवं झालं तरी चार पानं उलटली की निकामी पायांचा ब्रॅन भेटतोच. मार्टिन दोघांनाही जागा देतात, आणि निवाडा आपल्याला जड जातो. तो जड जावा, यासाठीच मी धडपडते आहे.

माझ्या खर्ड्यात आता त्या मांत्रिकाच्या बालपणाला दीड पान उरलंय. दुष्काळ आहे, बापाचा मारही आहे, कारण ते खरं आहे. मुक्या झालेल्या मुलीला मात्र स्वतःची प्रकरणं मिळाली आहेत. ती बाजारात खुणांनी घासाघीस करते, धाकट्या मुलींना मंत्र लिहून शिकवते, त्याचा विचार दिवसचे दिवस करत नाही आणि एखाद्या दिवशी दुसरं काहीच करत नाही. तो क्षमा मागायला तिच्या दारी येतो, ते प्रकरण मी अजून लिहिलेलं नाही. आधी ते त्याच्या नजरेतून लिहायचं ठरलं होतं. आता ते तीच सांगणार आहे, आणि तिने त्याला घरात घेतलं नाही तर पुढच्या कथानकाची मांडणी मला बदलावी लागेल.