रिकामा पाट

आमच्या घरात क्रिकेट हे दैवत. फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात चिखल तुडवण्याचे निमित्त! तरीही २०१६-१७ चा आय-लीग हंगाम मी मनोभावे पाहिला. कारण आमचा धाकटा भाऊ. त्या वर्षी त्याची वीस वर्षांची नोकरी गेली आणि "मुंबई सोडून मी कुठे जाऊ?" एवढे एकच वाक्य घरात उरले.

खालिद जमील यांनीही त्याच सुमारास मुंबई सोडली होती. सात वर्षे ते मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षक, आता गेले थेट मिझोरामला, ऐजॉल एफ.सी.कडे. हा संघ आदल्या वर्षी खालच्या वर्गात घसरलेला. गोव्याचे क्लब बाहेर पडले, म्हणून पुन्हा आत घेतलेला. पंगतीत पाट रिकामा राहिला म्हणून बसवलेला पाहुणाच म्हणा ना!

त्या पाहुण्याने १८ सामन्यांत ३७ गुण मिळवले. मातबर मोहन बागानचे ३६. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगने आधी गोल केला, तेव्हा आमच्या घरात कोणी बोलेना. उत्तरार्धात ऐजॉलने बरोबरी साधली आणि तेवढी पुरली. ईशान्येकडे प्रथमच आय-लीगचे विजेतेपद गेले. खालच्या वर्गात जाण्याची पाळी मात्र मुंबई एफ.सी.वर आली.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, सोलापूरच्या त्या कारखान्याचे पत्र कुठे ठेवलेस रे?"