पेंढा

आढीत हात घातला की आधी हाताला लागतो तो पेंढा, आंबा नंतर. आमच्याकडे, पावसच्या बाजूला, वैशाखातल्या आढीची तयारी आश्विनातच सुरू व्हायची. म्हणजे भात कापताना.

कोजागरीला आमच्यात नव्याची पौर्णिमा म्हणतात. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल एकत्र बांधून ‘नवं’ दाराला लागायचं. मग विळे निघायचे. बाबा नि काका कापत पुढे जायचे, आई नि काकू मागून पेंढ्या बांधायच्या आणि आम्ही पोरं त्या खळ्यात आणून टाकायचो. झोडणीला तिरकी फळी असायची. तिच्यावर पेंढी आपटली की दाणे खाली आणि काड हातात. दाणा माणसांचा आणि पेंढा गुरांचा, अशी सरळ वाटणी होती. आजी मात्र मध्येच तिसरा वाटा काढायची. लांब, सरळ, पाऊस न लागलेला पेंढा निवडून ती गोठ्याच्या आधी माळ्यावर चढवायची. तो आंब्यांचा वाटा.

पाऊस न लागलेला, हे महत्त्वाचं. परतीचा पाऊस कापलेल्या भातावर पडला की दाण्याला मोड येतात आणि काड काळं पडतं. असला पेंढा गुरंही हुंगून सोडतात. आढीत तो घातला तर बुरशी थेट आंब्याच्या देठाशी. कापणीच्या दिवसांत ढग आले की घरचे सगळे भाताच्या काळजीने वर बघायचे, आजी आंब्याच्या.

मी शाळेत असताना बाबांनी ‘जया’ लावलं. १९६८ साली प्रसारित झालेलं हे बुटकं, भरघोस भात तोवर कोकणात चांगलं रुळलं होतं. पुढे रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या संशोधन केंद्राची ‘रत्नागिरी २४’सारखी बियाणीही आली. जुनी भातं छातीएवढी वाढायची. खत घातलं आणि पाऊस झाला की आडवी लोळायची. बुटकं भात उभं राहतं आणि आपली ताकद काडात न घालता दाण्यात घालतं. शास्त्रज्ञ ते मोजतात. जमिनीवरच्या सगळ्या झाडाच्या वजनात दाण्याचा वाटा किती? जुन्या उंच जातींत तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, नव्या बुटक्यांत जवळजवळ निम्मा. या हिशेबात काड म्हणजे दाण्यातून वजा झालेलं नुकसान. आजीच्या हिशेबात ते जमेच्या बाजूला होतं. “एवढंसं काड! यात आंबा निजायचा कसा?” असं ती खळ्यात उभी राहून बाबांना ऐकवायची. बाबा गप्प. भादव्यात तांदूळ विकत आणायला लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं आणि जयाने ते साधलं होतं. शेवटी विहिरीकडचा एक कुणगा उंच भातासाठी राखून ठेवायचं ठरलं. आजी होती तोवर तो राहिला.

चैत्रात आंबे उतरायला लागले की माळ्यावरचा पेंढा काळोखाच्या खोलीत यायचा. खाली जाड थर, त्यावर एकमेकांना न चेपता मांडलेले आंबे, वर पुन्हा पेंढा. आठवड्याने आजी आंबे परतायची. डोळे दुसरीकडेच असायचे, बघायची बोटं. आम्हाला खोलीत शिरायला बंदी होती, पण वास काही दाराआड राहत नसे.

लग्नानंतर मी परळच्या चाळीत आले आणि आंबे पेटीतून यायला लागले. फळ्यांच्या पेटीचे खिळे उचकटले की आधी वर यायचा तो आमच्या खळ्यातला पेंढा. शेजारणी आंब्यांची चौकशी करायच्या. मी पेंढा जपून ठेवायची आणि त्याची चुंबळ करून भांडी घासायची. राखेसोबत त्याच्यासारखी घासणी नाही.

आता पेटी पुठ्ठ्याची झाली आणि आंबा इथिलीन सोडलेल्या रायपनिंग चेंबरमध्ये पिकतो. त्यात वाईट काही नाही. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आली, ते बरंच झालं. फरक एवढाच की चेंबरमधले सगळे आंबे एकदम तयार होतात, कारण व्यापाऱ्याला एका दिवशी एका रंगाचा माल हवा असतो. आढीतला प्रत्येक आंबा आपापल्या दिवशी पिकायचा. आज चार, उद्या सात. एवढ्या माणसांचं घर त्यावर दोन-तीन आठवडे आंबे खायचं. तसं भरलेलं घर आता आमच्या वाडीत राहिलेलं नाही, तेव्हा आढीबद्दल फार गळा काढण्यात अर्थ नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं गावी राहायला आलो, तेव्हा निम्मे कुणगे पडीक होते आणि गोठ्यात स्कूटर होती. आंबे होते, आढीला पेंढा नव्हता. पहिल्या वर्षी तो मी विकत घेतला. आजी असती तर तिने त्या दिवशी जेवण सोडलं असतं. पुढच्या पावसाळ्यात विहिरीकडचा कुणगा पुन्हा लावला. बियाणं बुटकंच, उंच भात आता कोणाकडे मागायचं?

त्या एवढ्याशा पेंढ्यालाही आता दुसरा गिऱ्हाईक आहे. पुतण्या मागच्या पडवीत धिंगरी अळंबी करतो. पेंढ्याचे तुकडे करून भिजवायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे, पिशव्यांत बियाण्याबरोबर थर द्यायचे, की तीनेक आठवड्यांत पांढरे कान बाहेर येतात. त्यालाही कोरडा, न काळवंडलेला, त्याच वर्षीचा पेंढा लागतो. गेल्या दिवाळीत झोडणी चालू असतानाच तो खळ्यात येऊन भारे मोजायला लागला. मी म्हटलं, आंब्याचे आधी काढून ठेव. तो म्हणतो, “काकी, तुझा आंबा वर्षातून एकदाच, माझी अळंबी दर महिन्याला.” सहा भाऱ्यांवर तोडगा निघाला. तेवढे मी लगेच माळ्यावर चढवून घेतले.