मुंबई ते लंडन : सोबतीला दीड वर्षाचा प्रवासी

माहेरपण संपवून लंडनला परत निघालेल्या लेकीचा निरोप मुंबई विमानतळाच्या दारातच घ्यावा लागतो. आजीच्या कडेवरून आईच्या कडेवर आलेले दीड वर्षाचे बाळ मागे वळून हात पसरते आणि भोकाड पसरते. पुढचे सात हजारांहून अधिक किलोमीटर, म्हणजे सुमारे दहा तास, त्याला एकटीने सांभाळायचे असते. आईला विमानाची भीती नसते, भीती असते ती मागच्या-पुढच्या रांगेतल्या कपाळांवरच्या आठ्यांची!

खरी तयारी तिकीट काढतानाच सुरू होते. दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसू शकते. पण मुक्कामात दुसरा वाढदिवस झाला, तर परतीला त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते. भिंतीला अडकवण्याचा पाळणा मिळतो, मात्र त्याला वजनाची मर्यादा असते. धावू लागलेली बहुतेक बाळे त्यात मावत नाहीत, तेव्हा आपल्या विमान कंपनीचा नियम आधीच विचारलेला बरा. हातातल्या सामानात एरवी १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. प्रवासापुरते बाळाचे दूध आणि खाणे मात्र नेता येते.

पोतडी एकदम रिकामी करू नका

महागडी खेळणी लागत नाहीत. टिकल्यांचे एक पाकीट आणि कोरी वही पुरते. एकेक टिकली सोडवून कागदावर, आईच्या हातावर, स्वतःच्या नाकावर चिकटवण्यात अर्धा तास सहज जातो. टिकली तोंडात जात नाही ना, एवढे पाहावे. झाकणाची डबी, भातुकलीतली कपबशी, एखादे चित्रांचे पुस्तक अशा वस्तू जुन्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या गुंडाळाव्यात आणि तासाला एक बाहेर काढावी. निम्मी गंमत कागद फाडण्यातच असते. मोबाइलवरची गाणी आधीच उतरवून ठेवावीत, पण तो हुकमाचा पत्ता शेवटच्या दोन तासांसाठी राखावा.

खाऊसुद्धा वेळ घालवणारा हवा. तूप-गूळ लावलेल्या पोळीची गुंडाळी किंवा एकेक उचलून खायचे चुरमुरे उत्तम. पट्टा बांधण्याची सूचना नसेल, तर मधल्या वाटेने एक फेरी मारावी. खिडकीबाहेरच्या ढगांपेक्षा बाळाला माणसांचे चेहरे जास्त आवडतात.

विमान उतरू लागले की हवेच्या बदलत्या दाबाने कान दुखतात. लहानग्याला ते सांगता येत नाही, म्हणून ते रडते. अशा वेळी गिळत राहिल्याने आराम पडतो. शेवटची दुधाची बाटली यासाठीच शिल्लक ठेवावी. झोपेचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. काही मुले त्याने उलट अधिकच किरकिरी होतात.

आईचेही दोन घास

सगळे करूनही बाळ रडतेच. त्यात आईचे काही चुकलेले नसते. मुलाकडे भूगोल नसतो. आजी दिसेनाशी झाली, एवढेच त्याला कळते. आई घाबरली की ते आणखी बिथरते. म्हणून आईने स्वतः वेळेवर जेवावे, पाणी प्यावे आणि मदत मागायला लाजू नये. मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेले एखादे आजी-आजोबा अशा विमानात बहुधा असतातच. कागदी रुमालाची होडी करून देणारा त्यांचा हात दहा खेळण्यांना भारी पडतो आणि आईला दोन घास निवांत खाता येतात.

दुपारी एकला निघालेले विमान हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लंडनला उतरते. बाळाच्या लेखी मात्र रात्रीचे अकरा वाजलेले असतात. बाहेर ताटकळलेल्या बाबांना भेटते ते खांद्यावर गाढ झोपलेले पिल्लू, आणि त्याच्या नाकावर अजून चिकटून असलेली आजीच्या पाकिटातली एक टिकली.