पाण्यावर पालथे पडताना

शिरड शहापूरहून समुद्र कुठल्याच दिशेने जवळ नाही. आमचे पाणी म्हणजे विहीर, बोअर, अंगणातला हौद आणि पूर्णेचा कालवा. सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्याला सुटले की हळद, गहू तरारतात. त्याच पाण्यात कधी कुणाची मुलगीही जाते. आमच्या घरातली एक अशीच गेली. ईदच्या आधी तिघी गोधड्या धुवायला गेल्या होत्या. एकीचा पाय शेवाळावरून घसरला, तिला धरायला दुसरी वाकली. घसरलेली वाचली, धरणारी गेली. पाणी छातीभरच होते, असे नंतर पुरुष मंडळी सांगत. तिसरी काठावर उभी होती, बारा वर्षांची. ती आमची नणंद.

त्या दिवसापासून घरातल्या मुलींना काठावर जायची बंदी झाली. मुलगे मात्र पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेच. मुलांना पोहणे शिकवा, ही हजरत उमर (र.) यांच्या नावाने सांगितली जाणारी ताकीद आमच्याकडेही वर्षानुवर्षे ऐकवली जाते, पण ऐकवताना तिचा अर्थ मुलग्यांपुरताच घेतला जातो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायचे काम असल्याने हे आम्हाला जरा जास्त खटकते. 'औलाद' म्हणा की 'मुले' म्हणा, दोन्हींत लेक येतेच.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला निघालो ते सिंधुदुर्ग किल्ला पाहायला. आम्ही म्हणजे दोघी जावा, नणंद, दोन्ही भाऊ आणि पोरेबाळे. कोल्हापूरच्या मुक्कामात नववीतल्या लेकीने विषय काढला. किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंग करवतात, आपण करू या. घरी राहिलेल्या सासूबाईंना फोनवर सांगितले, तर म्हणाल्या, "अगे, पानी में मुंडी डालके सांस कौन लेता गे?" धाकट्या दिरांनी मे २०२२ ची आठवण काढली. तारकर्लीला पर्यटकांची नाव उलटून दोघे दगावले होते. गोष्ट खरी होती, ती हसण्यावारी नेता आली नसती. म्हणून अटी ठरल्या. लाइफ जॅकेट नावेत पाय ठेवण्याआधी अंगात, नावेत माणसे मोजकी, आणि वारा वाढला तर पैसे गेले तरी परत.

दुसरा प्रश्न कपड्यांचा, आणि बायकांचे पाऊल बहुतेक वेळा तिथेच अडते. सुती सलवार-कमीज पाण्यात भिजून जड होते आणि पायांत गुरफटते. ओढणी तर नकोच. अंगभर, डोक्यासकट झाकणारा पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो. २००४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या लेबनानी वंशाच्या अहेदा झनेटी यांनी तो 'बुर्किनी' या नावाने तयार केला, तोही मुस्लिम मुलींना खेळात भाग घेता यावा या विचारातून. लेकीसाठी तसा एक मागवला होता. आम्ही मोठ्या बायकांनी लांब बाह्यांचे नायलॉनचे कुर्ते आणि घट्ट पायजमे घातले, वरून जॅकेट. काही अडले नाही. शिकवणारा मुलगा रबरी रिंग धरून ओढत नेतो, आपण रिंगेला धरायचे. कुणी हाताला धरायची गरज पडत नाही, हे आम्ही आधीच विचारून घेतले होते. विचारायला लाजू नये.

स्नॉर्कलिंगमध्ये बुडी मारायची नसते. पाण्यावर पालथे पडायचे, चेहरा पाण्यात, आणि तोंडातल्या नळीचे वरचे टोक हवेत. डोळ्यांवर काचेचा मास्क, तो नाकही झाकतो. उघड्या डोळ्यांना पाण्यात अंधूक दिसते, कारण आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडला आहे. मास्कमुळे डोळ्यासमोर हवेचा थर राहतो आणि सारे स्वच्छ दिसू लागते. फक्त वस्तू असते त्याहून सुमारे एक तृतीयांश मोठी आणि जवळ भासते. मास्कची रबरी कड कातडीला चिकटली पाहिजे. एखादी केसांची बट किंवा स्कार्फची किनार खाली आली तरी पाणी झिरपते, म्हणून स्कार्फ कडेच्या मागे सारून मग पट्टा ओढायचा. पुरुषांची दाढी आड येत नाही, कारण कड नाकाखाली, वरच्या ओठावर बसते. आड येतात त्या मिशा! आमच्याकडच्या दोन्ही भावांच्या मिशा बारीक कातरलेल्या, त्यामुळे त्यांचे मास्क पहिल्या खेपेलाच बसले. शेजारच्या नावेतले एक झुपकेदार मिशांचे गृहस्थ मात्र सारखे काच उपसत होते. काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळतात. हे ऐकून पोरे खिदळली, पण उपाय लागू पडतो.

सहावीतल्या पुतण्याने विचारले, नळी अजून लांब केली तर तळाशी बसून श्वास घेता येईल ना? वर्गात विचारावा असा प्रश्न. नळी साधारण वीतभर-दीड वीत असते, त्याला कारण आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका भरतो. एक मीटरवरही तो छातीला इतका दाबतो की वरची हवा ओढणे फुप्फुसांना जड जाते. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा परत परत आत येते. आखूड नळीतही घाईघाईने, वरवर श्वास घेतला तर तेच होते. म्हणून श्वास सावकाश सोडायचा, पूर्ण सोडायचा.

हे सारे नावेत बसून समजते. पाण्यात चेहरा घातला की छाती ऐकत नाही. दिवसातून पाच वेळा वुजू करताना नाकात पाणी घेणारे आम्ही, पण नाक बंद करून तोंडाने श्वास घ्यायचा म्हटल्यावर जीव घाबरा झाला. नणंदेने तीनदा डोके वर काढले. तिसऱ्यांदा तिने नावेच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि म्हणाली, मला वर घ्या. शिकवणारा विशी-बाविशीचा मच्छीमारांचा मुलगा होता. तो तिला वर या म्हणाला नाही, खाली या असेही म्हणाला नाही. एवढेच म्हणाला, "ताई, पाण्याशी भांडू नका. पडून राहा, ते धरतं."

ती बराच वेळ तशीच राहिली. मग लेक पोहत तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "फुफी, मेरी रिंग पकडो." दोघी एका रिंगेला धरून पालथ्या पडल्या. आम्ही नावेतून नणंदेच्या नळीचे टोक पाहत होतो. आधी फुसफुस, मग हळूहळू लांब आवाज.

खाली मालवणचा समुद्र काही सिनेमातल्यासारखा निळा नव्हता. हिरवट, जरा गढूळ. पाणी दोन-तीन पुरुष खोल, तळाशी खडक, त्यांवर प्रवाळाचे तुकडे, आणि त्यांतून अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेले माशांचे थवे. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी जिवंत प्राण्यांची वस्ती असते, त्यावर पाय ठेवला की ती मरते. मासे जवळ यावेत म्हणून काही नावांतून पावाचे तुकडे टाकत होते. आमच्या मते हे बंद व्हायला हवे. मासे पाहायला आलो, त्यांना भीक मागायला लावायला नव्हे.

नणंद सर्वांत शेवटी नावेत चढली. मोत्यांच्या शोधात खाडीत बुड्या मारणाऱ्यांविषयी इब्ने बतूताने चौदाव्या शतकात लिहिले आहे. कासवाच्या कवचाचा मुखवटा, नाकाला चिमटा, कमरेला दोरी. ते मुलांना सांगत होतो. तिचे लक्ष नव्हते. किनाऱ्यावर कसर नमाज झाली, चहा झाला, आणि तेव्हा ती पहिल्यांदाच त्या दिवसाविषयी बोलली. म्हणाली, त्या कालव्यात तिने हात-पाय फार मारले होते. तिला कुणी सांगितलेच नव्हते की पडून राहायचे असते.

बाजारातून दोन मास्क आणि नळ्या घेऊन आलो. जॅकेटशिवाय नळीचा उपयोग जीव वाचवायला होत नाही, पोहता येणे ते वेगळेच. म्हणून उन्हाळ्यासाठी परभणी-नांदेडकडे बायकांची वेगळी वेळ असलेला तलाव शोधणे चालू आहे. तोवर अंगणातल्या हौदात गल्लीतल्या मुली शाळेनंतर एकेक करून चेहरा घालतात. बाकीच्या मोठ्याने आकडे मोजतात. नणंद खुर्ची टाकून बाजूला बसते आणि कुणी घाईने श्वास घेतला की पाठीवर बोट वाजवते. परवा शेजारच्या खाला दारातून बराच वेळ पाहत होत्या. मग विचारले, आमच्या वयाच्या बाईला तो चष्मा बसतो का?