खुरापासून वर

क्लाइड्सडेल घोड्याचा परीक्षक तोंडाकडे नंतर बघतो, आधी त्याची नजर जमिनीकडे जाते. खूर रुंद, गोल, मोकळा आहे का. खुराच्या वरचा भाग पुरेसा लांब आणि तिरका आहे का. मागचे पाय एकमेकांना धरून पडतात का. मग घोडा चालवत दूर नेतात. या जातीची एक जुनी अट अशी की प्रत्येक पाऊल इतकं स्पष्ट उचललं जावं की मागून येणाऱ्याला नालाची आतली बाजू दिसावी. स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमध्ये, क्लाइड नदीच्या खोऱ्यात ही जात घडली. 1877 मध्ये तिची संस्था स्थापन झाली. सोळा ते अठरा हात उंची (चार इंचांचा एक हात) आणि 800 ते 1000 किलो वजन. एवढं धूड पावलागणिक तळवा दाखवत चालतं, तेव्हा बघणारा खिळून राहतो. प्रदर्शनातली सगळी नालबंदी आणि सगळा थाट या एका अटीभोवती उभा आहे. चांगलाही आणि वाईटही.

*

हलक्या घोड्याचा पाय नालबंद आपल्या दोन मांड्यांमध्ये धरून काम करतो. टनभर वजनाचा घोडा अंगावर रेलला तर माणूस कामातून जायचा. म्हणून अवजड घोड्यांसाठी लाकडी किंवा लोखंडी चौकट असते. घोडा तिच्यात उभा करतात आणि पाय पट्ट्याने आधाराला बांधतात.

जुना नाल निघतो. वाढलेलं कवच कापलं जातं, तळव्याचा मेलेला थर वाकड्या टोकाच्या सुरीने सोलला जातो, मग लांब कानस फिरते. नवा नाल तापलेला असतानाच खुरावर टेकवतात. पिवळट धूर उठतो आणि जळक्या केसांचा वास पसरतो, कारण खूर आणि केस दोन्ही केराटिनचेच. घोडा मात्र शांत असतो. बाहेरच्या कवचाला संवेदना नसते. काही क्षणांत नाल उचलला की खुरावर त्याचा डाग उमटलेला दिसतो. जिथे काळं तिथे नाल टेकला, जिथे कोरं तिथे पोकळी. त्या डागावरून पुन्हा कानस, पुन्हा ऐरण.

खिळ्याच्या टोकाची एक बाजू तासलेली असते, त्यामुळे ठोकताना तो बाहेरच्या अंगाला वळतो आणि कवचातून वर निघतो. इथे नालबंदाचा कान कामाला येतो. घट्ट कवचातून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज खणखणीत असतो. वाट चुकून तो आतल्या जिवंत भागाकडे वळला की आवाज बोदा होतो, आणि खिळा लगेच उपसावा लागतो. बाहेर आलेलं टोक पिळून तोडायचं, उरलेला बुंधा वळवून कवचावर चापून बसवायचा. टाचेच्या अंगाला खिळे मारत नाहीत. वजन पडलं की खूर तिथे किंचित फाकतो, त्याला फाकायला मोकळीक हवी.

*

प्रदर्शनातल्या नालाला ‘स्कॉच बॉटम’ म्हणतात. साधा नाल खुराच्या कडेबरोबर संपतो. हा कडेच्या बाहेर जातो आणि त्याची बाहेरची धार खुराच्या उताराला धरून तिरकी घडवलेली असते. लांबून बघणाऱ्याला खूर कुठे संपला आणि लोखंड कुठे सुरू झालं ते कळत नाही. सगळा मिळून एकच प्रचंड पाय दिसतो. बडवायझर बिअरच्या प्रसिद्ध क्लाइड्सडेल घोड्यांच्या एका नालाचं वजन सुमारे पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो, असं सांगतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्याच्या पायात ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असते, शंभर ग्रॅमच्या आसपास.

जड नालाचा एक परिणाम प्रदर्शनवाल्यांना हवाच असतो. पायाच्या टोकाला वजन लटकलं की दुडक्या चालीत पाय वर झोकला जातो, गुडघा उंच येतो, टाळ्या पडतात. तेच वजन प्रत्येक पावलाला सांध्यांना आणि स्नायुबंधांना आवरावं लागतं. रिंगणातल्या थोड्या वेळात ते दिसत नाही. पण नाल काही रिंगणापुरता नसतो, नालबंदाच्या पुढच्या फेरीपर्यंत तो पायातच असतो.

*

मागच्या पायांची गोष्ट वेगळी. मागचा जो सांधा कोपरासारखा मागे वळलेला असतो, तो हॉक. क्लाइड्सडेलचे दोन्ही हॉक जवळजवळ हवेत, टोकं किंचित आत वळलेली. ही अट नांगराच्या सरीतून आली असं म्हणतात: अरुंद सरीत पाय फाकून चालता येत नाही. ज्या घोड्याला निसर्गाने असे पाय दिले नाहीत त्याच्या मागच्या नालाची बाहेरची बाजू लांब ठेवून पाऊल थोडं फिरवलं जातं. हलक्या हाताने केलं तर चालून जातं. बळजबरीने केलं तर नालाच्या जोरावर मिळालेल्या बक्षिसाचं ओझं सांध्यावर पडतं, आणि सदोष पायाचा घोडा पैदाशीसाठीही निवडला जातो. मला हे दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं.

*

खूर महिन्याला सेंटिमीटरभर, कधी त्याहून कमी वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर छाटायला हवा. अमेरिका-कॅनडातल्या सहा घोड्यांच्या गाड्यांच्या स्पर्धांत मोठ्या पायाची हौस इतकी वाढली आहे की काही मालक छाटणी लांबवतात, कवच बाहेर पसरू देतात आणि त्या पसरलेल्या कडेला मोठा नाल ठोकतात. पसरलेलं कवच आतल्या भागापासून सुटू लागतं. त्या फटीत माती आणि ओल जाते, मग कुज. उभ्या भेगा पडतात. त्या भेगा भरायला मोटारीच्या पत्र्यावरचे पोचे बुजवतात ती पुट्टीसुद्धा वापरली जाते. वरून कानस, मग काळं पॉलिश, आणि खूर काचेसारखा गुळगुळीत.

पॉलिशला माझा विरोध नाही. नीट छाटलेल्या खुरावर ते शोभतं. पण परीक्षकाने चकचकीत खुराखाली काय आहे ते पाय उचलून बघावं, आणि फुगवलेल्या पायाला खाली आणावं. ज्या दिवशी रिंगणात असे दोन-चार घोडे मागे पडतील, त्याच्या पुढच्या हंगामात मालक आपसूक वेळेवर छाटणी करतील.

*

डांबरी रस्त्यावर साधं लोखंड घसरतं. शहरातून मिरवणाऱ्या घोड्यांच्या नालावर टंगस्टन कार्बाइडचे कडक कण वितळलेल्या धातूत बसवतात. इंग्लंडमध्ये डिव्हायझिसच्या वॉडवर्थ ब्रुअरीचे शायर जातीचे अवजड घोडे बिअरची पिंपं पोचवत. कामाच्या घोड्याचा नाल खुराच्या मापाचा असतो, बाहेर आलेला नसतो. तो नाल मला अधिक देखणा वाटतो.

*

आता केस. क्लाइड्सडेल आणि शायरच्या पायांना खालच्या भागात लांब केस असतात. तिकडे त्यांना ‘फेदर’ म्हणतात. ते रेशमी, सरळ हवेत, तारेसारखे राठ नकोत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पाय साबणाने धुतात, भरपूर पाण्याने खळखळून काढतात, आणि मग ओल्या केसांत पांढरा, बारीक लाकडाचा भुसा चोळतात. भुसा पाणी शोषतो, केस मोकळे करतो, पांढरेपणा उजळतो. सकाळी हाताने झटकून आणि ब्रशने विंचरून तो बाहेर काढायचा. रॉयल हायलंड शो एडिनबरोजवळ इंग्लिस्टनला जूनमध्ये भरतो. रिंगणाबाहेर मोतद्दार गुडघ्यांवर बसून घोड्याच्या पायाशी मान खाली घालून हेच करत असतात. पाऊस आलाच तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बिनप्रदर्शनाच्या दिवसांत जुने लोक पायांना तेलात गंधक कालवून लावतात. चिखल चिकटत नाही आणि किडे दूर राहतात. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी आणि नाजूक असते, काहींना गंधकाने भाजल्यासारखं होतं. म्हणून आधी थोड्या जागेवर लावून बघायचं. फार धुणंही वाईट. दाट केसांत ओल राहते आणि खुराच्या वर, मागच्या खळगीत कातडी फाटते.

*

त्याच केसांत कोरिऑप्टिस नावाचा सूक्ष्म किडा राहतो. घोडा रात्री पाय आपटायला लागला, एक पाय दुसऱ्यावर घासायला लागला की समजावं. त्याहून गंभीर आजार लसिकेचा: खालचे पाय हळूहळू सुजतात, कातडीला घड्या पडतात, गाठी येतात, जखमा भरत नाहीत. शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन या जातींत तो आढळतो. बरा करणारा उपाय नाही, फक्त आटोक्यात ठेवता येतो. त्यासाठी पहिली पायरी केस कापण्याची. आणि केस कापले की घोडा प्रदर्शनातून बाद, म्हणून मालक टाळतात, सूज केसांखाली झाकलेली राहते. मोतद्दाराचा हात रोज केसांच्या आत, कातडीपर्यंत गेला पाहिजे. नुसता वरून ब्रश फिरवणं म्हणजे खरारा नव्हे.

*

सफक आणि पर्शरॉन घोड्यांच्या पायांना असे केस जवळजवळ नसतातच. चिखलात काम करणाऱ्या शेतकऱ्याने असे घोडे मुद्दाम निवडले असणार, असं मला वाटतं.

*

शायरची आयाळ गुंफताना सगळी गुंफत नाहीत. मानेच्या वरच्या कडेने, रंगीत राफिया मिसळत एक जाड वेणी घालत जातात आणि बाकीची आयाळ खाली मोकळी सोडतात. वेणीत ठरावीक अंतरावर रंगीत तुरे उभे करतात. हेतू एकच, मानेची कमान उठून दिसावी. घोडा उंच, म्हणून वेणी घालणारा स्टुलावर किंवा उलट्या खोक्यावर उभा असतो. वेणी सैल झाली तर रिंगणात सुटते, फार आवळली तर घोडा मान झटकत राहतो.

*

शेपटी. लगामात अडकते म्हणून गाडीच्या घोड्यांची शेपटी हाडासकट तोडायची प्रथा होती. ब्रिटनने 1949 च्या कायद्याने ती बंद केली. तेव्हापासून तिथे शेपटीचे केस वर बांधतात, पुठ्ठा तेवढाच दिसतो. अमेरिकेत देशभर लागू होणारी बंदी अजून नाही. बडवायझरचे क्लाइड्सडेल 1933 पासून, दारूबंदी उठली तेव्हापासून, मिरवत आहेत. त्यांच्या शेपट्या तोडणं बंद केल्याचं कंपनीने 2023 मध्ये जाहीर केलं, तेही प्राणिहक्कवाल्यांच्या मोहिमेनंतर. माशांनी भरलेल्या तबेल्यात उन्हाळा काढणाऱ्या जनावराकडून माशा हाकलायचं मुख्य साधन काढून घ्यायचं, आणि हे केसांच्या गाठीने भागत असताना. याचं समर्थन मला कुठेही सापडत नाही.

*

हा सगळा थाट श्रीमंत मालकांनी जन्माला घातला नाही. स्कॉटलंडचे सालदार नांगरे आपल्या तुटपुंज्या पगारातून घोड्यासाठी रिबिनी आणि पितळी पदकं घेत. नांगरणीच्या स्पर्धांत सरळ तासाला बक्षीस असे, तसं उत्तम राखलेल्या आणि सजवलेल्या जोडीलाही. ईशान्य स्कॉटलंडमध्ये या घोडेवाल्यांची गुप्त मंडळी होती, ‘हॉर्समन्स वर्ड’. नव्या पोराला रात्री कोठारात नेऊन पाव आणि व्हिस्कीच्या साक्षीने दीक्षा देत. घोडा मालकाचा, पण त्याची चमक आपली, हा त्यांचा अभिमान होता.

1911 या एका वर्षात 1,617 क्लाइड्सडेल घोडे परदेशी गेले. मग महायुद्धाने हजारो नेले आणि ट्रॅक्टरने बाकीच्यांचं काम. 1975 मध्ये ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत होती. प्रदर्शनं नसती तर ती टिकली असती का, याची मला शंका आहे; म्हणूनच प्रदर्शनांकडून जास्त अपेक्षा आहे.

*

ऑर्कनी बेटांत साउथ रोनाल्डसेला ऑगस्टमध्ये एक सण होतो. लहान मुली क्लाइड्सडेल घोडा बनतात: गळ्यात चमचमणारी जुंपणीची कडी, डोळ्यांना झापडं, घोट्यांभोवती फेदरसारखी झालर. हे पोशाख घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. मुलगे समुद्राच्या वाळूत छोट्या नांगरांनी तास पाडतात आणि मोठी माणसं तास सरळ आहे का ते तपासतात. आपल्या विदर्भातला तान्हा पोळा इथे आठवावाच लागतो.

*

ब्रिटनमध्ये 1975 च्या कायद्यापासून नोंदणी झालेल्या नालबंदालाच घोड्याला नाल ठोकता येतो. त्यासाठी काही वर्षं उमेदवारी करावी लागते, भट्टीवरही आणि शरीररचनेच्या पुस्तकांवरही. तरी अवजड घोडे घेणारे त्यांतले थोडेच. वजन, वेळ, पाठीचं दुखणं, सगळं जास्त. हंगाम संपला की जाणते मालक याच नालबंदाला बोलावून नाल उतरवतात, फाकलेली कड परत आणतात आणि घोडा कुरणात मोकळा सोडतात. कवच वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पूर्ण नवं यायला वर्षाच्या आसपास लागतं, आणि खिळ्यांची जुनी भोकं हळूहळू खाली सरकत जातात.