पडद्याच्या कडेचं

विर्शिलियो विएइतेस हा स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिसियातल्या सोउतेलो दे मोंतेस नावाच्या खेड्यातला फोटोवाला. लग्नं, बारसं, मयत, ओळखपत्र, जे गिऱ्हाईक येईल ते. मी मुळशीतल्या पौडात जे करत आलो तेच. १९३० साली जन्मला, तरुणपणी कातालोनियातल्या पालामोसला एका फोटोग्राफरच्या हाताखाली शिकला आणि १९५५ च्या सुमारास गावी परतून त्याने धंदा मांडला. त्याची मुलगी केता हिने बापाच्या निगेटिव्ह हुडकून लावल्या आणि विसावं शतक संपता संपता ते फोटो पहिल्यांदा प्रदर्शनाच्या भिंतीवर गेले. २००३ मध्ये पॅरिसला कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरच्या नावाची संस्था उघडली, तेव्हा त्या बुजुर्गाने स्वतःच्या आवडीच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यातही विएइतेसचा एक फोटो होता. २००८ मध्ये विएइतेस वारला. पुढे २०१३ मध्ये माद्रिदला त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा माझी भाची तिकडे शिकत होती. येताना ती त्याच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. मजकूर स्पॅनिशमध्ये, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मामाला हे दाखवलंच पाहिजे असं तिला का वाटलं, ते दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळलं.

पॅरिसला गेलेला तो फोटो एका म्हातारीचा आहे. दोरोतेआ तिचं नाव. काळे कपडे, मांडीवर हात, खुर्चीत ताठ बसलेली. शेजारी दुसरी खुर्ची आणि त्या खुर्चीवर रेडिओ. माणसाला मांडावी तशी खुर्ची रेडिओला मांडलेली. गॅलिसियातली बरीच घरं तेव्हा पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसांच्या पैशावर चालायची. तिकडून वस्तू आली की ती पोचली, आई धडधाकट आहे, हे कळवायला असा फोटो उलट टपाली जायचा. समीक्षक या फोटोबद्दल पानंच्या पानं लिहितात म्हणे. मला तो पोचपावती वाटतो, आणि म्हणूनच तो इतका चांगला आहे.

आमच्याकडचा पोरगा मुंबईला गेला. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यातून डबेवाले गेले, गिरणीत गेले, गोदीत गेले. त्यांच्याकडे जाणारे फोटो मी काढले. म्हातारा धोतर-टोपीत बसायचा आणि आधी बजवायचा, घड्याळ दिसलं पाहिजे. मग डावा हात गुडघ्यावर, बाही दोन बोटं मागे. मुलाने धाडलेला मिक्सर मांडीवर घेऊन बसलेली आई मी काढली आहे. पुढे मोटारसायकली आल्या, तेव्हा बायको सीटवर आणि नवरा शेजारी उभा, चावी हातात. या धंद्यात चौकट कोण ठरवतं? शहरातून शिकून येणारी पोरं सांगतात, फोटोग्राफर. आमच्याकडे ती गिऱ्हाईक ठरवतं. फोटोवाल्याकडे उरतं ते उजेडाचं आणि उभं राहण्याच्या अंतराचं काम. ते मात्र त्याला यावंच लागतं. पाऊस लागला की आतल्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. फ्लॅश मारला तर भिंतीवर काळी सावली उभी राहते आणि नाकाला चकाकी येते. मी गिऱ्हाइकाला ओसरीच्या कडेला आणतो, पत्र्याच्या धारेपासून हातभर आत. श्रावणातल्या ढगातून तिथे जो उजेड येतो त्यात सुरकुत्या दिसतात, पण ओरडत नाहीत. विएइतेसचीही बरीचशी माणसं दाराबाहेर, उघड्यावरच्या उजेडात उभी आहेत. त्याचाही पाऊस चिवट. ताम्हिणीची सर नाही, पण चिवट. त्या मुलखात, आणि खाली पोर्तुगालच्या उत्तरेला, गुराखी पावसात गवताचा झगा अंगावर घ्यायचे. तो पाहून मला लावणीच्या बायांची इरली आठवली. आता तिकडे काय आणि इकडे काय, प्लास्टिकच.

स्पेन-पोर्तुगालचे नामांकित फोटोग्राफर मी नंतर शोधून शोधून पाहिले. रामोन मासात्सचा झग्यातला गोलकीपर पाद्री, हवेत आडवा झेपावलेला. क्रिस्तीना गार्सिया रोदेरो या बाईने तर गावोगावच्या जत्रा, मिरवणुका, नवस पंधरा वर्षं हिंडून टिपले, १९८९ मध्ये त्याचं पुस्तक केलं. पुढे तिने आपल्याकडे आंध्रातल्या अनंतपूरच्या बाया काढल्या आणि ते फोटो स्पेनमध्ये लावले गेले.   रोदेरोचा हात माझ्या शंभर पट वर, वाद नाही. पण तिच्या फोटोतल्या माणसाने फोटो मागितलेला नसतो. पोर्तुगालचा आर्तूर पाश्तोर शेतीखात्यात नोकरीला होता; हुकूमशहा सालाझारच्या काळातले शेतकरी, कोळी, बाजार त्याने हजारोंनी टिपले. देखणं काम. कधी कधी जरा जास्तच देखणं, पावसाळी शनिवारी पुण्याहून येऊन चिखलातल्या बायांना ‘जरा इकडे बघा’ म्हणणाऱ्यांची आठवण करून देणारं. त्या बायांना त्यातला एकही फोटो मिळत नाही.

ओळखपत्राच्या फोटोंपाशी मी बराच थांबलो. फ्रँकोच्या स्पेनमध्ये १९५१ पासून ओळखपत्रं निघाली, आणि पुढे खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही फोटो काढावा लागला. विएइतेसने मागे पांढरी चादर धरायची आणि उघड्यावर टिपायचं. आमच्याकडे ही लाट १९९३ नंतर आली, मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांनी मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला तेव्हा. मग निराधार योजनेचे अर्ज, बँकेची खाती. वाडीवर चादर घेऊन जायचं, दोन पोरांनी टोकं धरायची, पुढे स्टूल. हलू नका म्हटलं की माणूस श्वासही घेत नाही. छापताना चेहरा तेवढा ठेवायचा, बाकी कात्रीने उडवायचं.

प्रदर्शनवाल्यांनी विएइतेसची अख्खी निगेटिव्ह छापली आहे. चादर दिसते, चादर जिथे संपते तेही दिसतं, मागची दगडी भिंत दिसते. जे आम्ही कापून केरात टाकलं, त्यावर लोक थबकतात. पहिल्यांदा मला याचा रागच आला होता. गिऱ्हाइकाने पैसे चेहऱ्याचे मोजले, कडेचं दाखवायला कोणी सांगितलं? मग जुन्या निगेटिव्ह दिव्यासमोर धरल्या. चादरीबाहेर भाताची उडवी, राबाचा धूर, गोठ्याची मेढ, दोरीवर वाळणारं लुगडं. इथल्या जुन्या वाड्या तर १९२० च्या दशकात मुळशी धरणाखाली गेल्या. त्या धरणाविरुद्धच्या सेनापती बापटांच्या सत्याग्रहाबद्दल वाचायला मिळतं, पण पणजोबाचं घर कसं दिसायचं असं कोणी विचारत आलं की माझ्याकडे द्यायला काही नसतं. तेव्हा वाडीवर चादर घेऊन जाणारा फोटोवाला कोण असणार?

निगेटिव्ह राखणं हे मुळशीत वेगळंच काम आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना वरचा थर सोलून निघतो. मी कागदी पाकिटं वापरतो, पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि त्या मधून मधून तव्यावर भाजून पुन्हा भरतो. एवढं करूनही काही पट्ट्यांवर ठिपके पडलेच. बऱ्याच स्टुडिओंनी डिजिटल आल्यावर रोल भंगारात घातले. फिल्म धुण्याच्या हायपोतली चांदी काढणारे तर आधीपासूनच फिरत होते. म्हणून केता विएइतेसबद्दल मला बापापेक्षाही जास्त आदर आहे.

भाचीच्या आग्रहाने काही निगेटिव्ह स्कॅन करून अख्ख्या छापल्या आणि हरिनाम सप्ताहात मांडवाच्या एका कनातीला लावल्या. कीर्तन संपल्यावर गर्दी लोटली. चेहरे कोणी फार बघितले नाहीत. गुरं कोणाची, बांध कुठला, यावर हुज्जत चालली. तेवढ्यात एक आजी काठी टेकत माझ्याकडे आल्या. “अरं बाबा, म्या पैसं तोंडाचं दिलं व्हतं, ह्यो गोठा कशापायी दावलास? शेण बी दिसतंय.” मी म्हटलं, “आजी, काढून टाकतो.” मागे त्यांची सून उभी होती. ती म्हणाली, “दादा, काढू नका. बंगला बांधला तेव्हा गोठा पाडला, त्याचा एकही फोटो घरात नाही.” आजी म्हणाल्या, “मंग तुझ्या खोलीत लाव.” दोघी तिथेच हमरीतुमरीवर आल्या. शेवटी मी दोन प्रती करून द्यायचं कबूल केलं, एक कापलेली, एक अख्खी. आजींनी त्यांच्या प्रतीचे पैसे कनवटीतून लगेच काढून दिले, वर पावती मागितली. सुनेचे अजून यायचे आहेत.