जुन्या इंदुरातील मुके पाहुणे

इंदूरच्या स्थानकावरील इंग्रजी पाटीकडे आम्ही अर्धे आयुष्य पाहत आलो. परंतु तिच्या शेवटच्या अक्षराकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते 'ई' लिहावयाचे असते, उच्चारावयाचे नसते. ही गोष्ट आमच्या भाचीने दाखवून दिली. ती सध्या फ्रेंच भाषेची प्रवेशपरीक्षा देत आहे. शब्दांच्या शेवटी तिचा पाय अडखळतो, म्हणून संध्याकाळी फिरावयास निघताना ती आपली वही बरोबर घेते.

राजवाड्याकडून नदी ओलांडून आम्ही जुन्या इंदुरात शिरलो. होळकरांची राजधानी १८१८ मध्ये येथे येण्याच्या कितीतरी आधीची ही वस्ती. जमीनदारांचा रावळा येथेच, शनिमंदिरही येथेच. भोवतालचे सारे नगर हिंदी बोलते, तरी या भागाला कोणी 'पुरानी' म्हणत नाही. 'जूनी' हेच विशेषण टिकले आहे. मराठीला आणि माळवीला ते सारखेच जवळचे, म्हणून टिकले असावे.

"मामा, पॅरिसच्या शेवटी 'एस' लिहितात, पण म्हणायचे 'पारी'. मग लिहायचे तरी कशाला?" भाचीने विचारले.

प्रश्न रास्त होता. तिच्या वहीतील नियम आम्ही चालता चालता समजून घेतले. शब्दान्तीचे व्यंजन फ्रेंचमध्ये बहुधा मुके असते. 'लहान' या अर्थाचा पुल्लिंगी शब्द 'पती' असा ऐकू येतो. त्याच्या शेवटचा 'टी' गप्प. स्त्रीलिंगी करताना पुढे 'ई' जोडतात. ही 'ई' स्वतः मुकी राहते, पण मागच्या 'टी'ला वाचा देते. शब्द होतो 'पतीत'. 'ते बोलतात' असे लिहिताना क्रियापदाला 'ई-एन-टी' अशी तीन अक्षरे लागतात आणि तिन्ही मुकी. ऐकू येते केवळ 'पार्ल'. सी, आर, एफ, एल ही चार व्यंजने मात्र शेवटी पुष्कळदा बोलतात. तुकोजी होळकरांच्या पदरी द्युद्रनेक नावाचा फ्रेंच सरदार होता. १७९३ च्या लाखेरीच्या लढाईत त्याच्याच पलटणी लढल्या. त्याच्या नावाचा शेवटचा 'क' असा बोलका आहे. उलट दुसऱ्या यशवंतराव होळकरांची युरोपीय व मराठा अशा दोन्ही वेशांतील चित्रे काढणारा चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल. त्याच्या पहिल्या दोन्ही नावांच्या शेवटी मुके अक्षर आहे, आणि तिसऱ्याचा 'ल' मात्र स्पष्ट.

मुकी अक्षरे मेलेली नसतात, हे त्याहून महत्त्वाचे. 'तुम्ही' म्हणजे 'वू'; त्यातील 'एस' ऐकू येत नाही. पण पुढे स्वरारंभी शब्द आला की तो जागा होतो, आणि 'तुमच्याजवळ आहे' याचे होते 'वूझावे'; त्यातील 'झ' आपल्या 'माझा'तला.

"आपल्याकडे असे काही नाही, ते बरे," भाची म्हणाली. आम्ही तिला 'घर' म्हणावयास सांगितले. लिहितो अकारान्त, म्हणतो 'घर्'. पण ओवी गाताना तोच लपलेला 'अ' परत येतो. आमच्या वडिलांच्या पोथ्यांत 'तें', 'केलें' अशा शब्दांवर टिंबे असत. पूर्वी ती नाकातून उच्चारली जात. पुढे उच्चार गेला, टिंब राहिले. १९६२ च्या लेखननियमांनी अशी अनुच्चारित टिंबे काढून टाकली. आपण टिंबे पुसली, फ्रेंचांनी आपले मुके पाहुणे घरातच ठेवले, एवढाच काय तो भेद.

तेवढ्यात भाचीने वहीतील पुढचा शब्द वाचला. 'महाशय' या अर्थाचा तो फ्रेंच शब्द. लिखाणात शेवटी 'आर', उच्चार 'म्स्य' असा काहीसा. आम्ही जागीच थांबलो.

पुष्कळ वर्षांपूर्वी याच आळीतील एका विद्यार्थ्याने इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत 'मुसा बुसी' असे लिहिले होते. निजामाच्या दरबारी असलेल्या फ्रेंच सेनानीस 'मुसा' कोठून आला, असे म्हणून आम्ही लाल शाईने तो शब्द खोडला आणि अर्धा गुण कापला. "आजोबांच्या जुन्या पुस्तकात असेच आहे," असे तो म्हणाला, तेव्हा वर्गासमोर आम्ही त्याला हसलो. वास्तविक 'मुसा' म्हणजे तोच 'महाशय', शेवटच्या मुक्या 'आर'सह कानाने अचूक टिपलेला. हैदराबादेत १७९८ मध्ये वारलेला रेमों हाही असाच लोकांचा 'मुसाराम' झाला, आणि मुसारामबाग ते नाव आजही सांगते. त्याच्या नावाचा अंत्य 'डी' लोकांनी ऐकला नाही, कारण तो नव्हताच. आम्ही मात्र इंग्रजी पुस्तकात पाहून वर्षानुवर्षे 'रेमंड' शिकवीत राहिलो. जुन्या कारकुनांनी कानाने लिहिले. आम्ही डोळ्यांनी वाचले.

त्या मुलाचा वाडा जवळच होता. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. आम्ही सारी हकीकत सांगितली. ते हसून म्हणाले, "गुरुजी, तो आता पुण्याला असतो. त्याला आठवतही नसेल."

"आम्हांला आठवते," आम्ही म्हणालो आणि पत्ता मागून घेतला.

त्या रात्री आम्ही पत्र लिहिले. अर्धा गुण परत दिल्याचे कळविले आणि आजोबांचे ते पुस्तक जपून ठेवण्याची विनंती केली. वाचकहो, आपल्याही घरी अशी पुस्तके असतील. त्यांतील एखादे रूप चमत्कारिक वाटले, तर लाल शाई उघडण्यापूर्वी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.